ड्रेस्डेन प्लेट क्विल्टवर मशीनचे ॲप्लिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रेस्डेन प्लेट ही नक्षी नेमकी कोणती?

मधोमध एक गोल चकती आणि तिच्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे रचलेले, बुडाशी अरुंद आणि टोकाशी रुंद असे कापडाचे तुकडे, अशी ही नक्षी असते. पाकळ्या एकमेकींना शिवून आधी पूर्ण ताटली तयार करायची आणि मग ती ताटली पांढऱ्या किंवा फिक्या चौकोनावर वरून शिवायची, म्हणजे ॲप्लिक करायची, अशी तिची रीत आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फुलांनी रंगवलेल्या चिनी मातीच्या भांड्यांवरून हे नाव पडले; ती नक्षी मात्र घराघरांत रुजली अमेरिकेत, १९२० आणि १९३० च्या दशकांत.

तो काळ लक्षात घेतला, की नक्षीची रचना आपोआप उलगडते. पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील सुती पिशव्या उसवून त्यांचे कपडे शिवले जात आणि उरलेल्या चिंध्या क्विल्टला, म्हणजे थर घालून शिवलेल्या पांघरुणाला, लागत. वर्तमानपत्रेही नक्ष्या छापत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ने १९२८ मध्ये क्विल्टच्या नक्ष्या देण्यास सुरुवात केली होती. येथे घेतलेल्या ताटलीला वीस पाकळ्या लागतात, आणि त्या वीस वेगवेगळ्या कापडांच्या असल्या तरी चालते, किंबहुना शोभते. ज्या घरात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली गेली आहे, त्या घराला यामागची काटकसर निराळी समजावून सांगावी लागत नाही.

मग यात नवे तंत्र कोणते?

पाकळ्यांची टोके गोल असतील, तर जुन्या पद्धतीत प्रत्येक काठ पुठ्ठ्याच्या साच्यावर दुमडून, इस्त्री करून, कच्च्या धावदोऱ्याने धरून ठेवावा लागे आणि त्यानंतर ताटली हाताने शिवली जाई. त्या काळच्या अनेक क्विल्टवर हे काम काळ्या दोऱ्याच्या काजटाक्याने केलेले दिसते. येथे सांगितलेल्या पद्धतीत काठ हाताने दुमडावाच लागत नाही. पातळ चिकट पेस्टिंगवर, म्हणजे इस्त्रीने कापडाला चिकटणाऱ्या अस्तरावर, ताटली उलटी ठेवून कडेने टीप मारायची, पेस्टिंगला मधून छेद देऊन ताटली सुलटी करायची, म्हणजे सर्व वीस पाकळ्यांचे काठ एकाच वेळी आत वळतात. त्यानंतर ती इस्त्रीने चौकोनावर चिकटवून मशीनच्या टाक्याने पक्की करायची.

मशीन वापरल्याने पारंपरिक क्विल्टचे पारंपरिकपण जात नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर द्यायला हवे. एक तर मशीनने केलेले ॲप्लिक ही काही आजची गोष्ट नाही. घरगुती शिलाई मशीन अमेरिकेत पसरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच, काही स्त्रियांनी ॲप्लिकच्या काठावर मशीनची सरळ टीप मारलेली आहे, आणि ती लपवलेली नाही. मशीन ही त्या काळी महागाची आणि मानाची वस्तू होती.

दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण असे, की ड्रेस्डेन प्लेटचा जीव तिच्या काठात आहे. वीस बाक आणि वीस खाचा स्वच्छ उठून दिसल्या पाहिजेत, आणि हात फिरवला तर कापड मऊ लागले पाहिजे, कारण क्विल्ट ही शेवटी पांघरण्याची वस्तू आहे. जे तंत्र या दोन्ही गोष्टी राखते ते या नक्षीला चालते. जे काठ जाड करते किंवा कापड ताठ करते ते, हाताने केलेले असले तरी, या नक्षीला मारक ठरते. म्हणूनच कापलेला कच्चा काठ तसाच ठेवून, त्यावर दाट झिगझॅगची गोठ भरून काढण्याची सोपी पद्धत मी या नक्षीसाठी सुचवत नाही. भिंतीवर लावायच्या चित्राला ती उत्तम आहे. पांघरुणावर मात्र प्रत्येक पाकळीभोवती दोरीसारखी कडक रेघ तयार होते आणि ती गालाला टोचते.

मशीन कोणती लागते? माझ्याकडे साधी काळी मशीन आहे.

ती चालेल. सरळ टिपेच्या मशीनवर काठापासून जेमतेम १ मिलिमीटर आत, पाकळीच्या रंगाच्या दोऱ्याने टीप मारावी. काठ आधीच आत वळलेला असल्याने कापड सुटण्याची भीती राहत नाही. झिगझॅग आणि काजटाका असलेली मशीन असेल, तर पर्याय वाढतात इतकेच. पायमशीनचा एक फायदा येथे आवर्जून सांगावासा वाटतो : वळणावर एकेक टाका हाताच्या चाकाने घालता येतो, आणि या कामात तेच सर्वाधिक लागते.

कापड कोणते घ्यावे? जुन्या साड्या चालतील का?

पाकळ्यांसाठी केंब्रिक, पॉपलीन किंवा तशाच विणीचे छापील सुती कापड घ्यावे. मागच्या चौकोनासाठी धुतलेले मांजरपाट छान बसते, कारण त्याचा किंचित पिवळसर रंग छापील पाकळ्यांना उठाव देतो.

जुन्या सुती साड्या केवळ चालतात असे नाही, तर या पद्धतीत त्या अधिक चांगल्या वागतात. वर्षानुवर्षे धुतलेले कापड मऊ आणि विरळ झालेले असते. त्याचा काठ बोटाने दुमडायला गेले तर धागे सुटतात आणि बाकावर कोपरे पडतात. येथे काठाला पेस्टिंगचा आधार मिळत असल्याने तेच कापड गोल वळते. तरीही कापड उजेडासमोर धरून पाहावे, आणि जेथे वीण चाळणीसारखी दिसते तो भाग सोडून द्यावा. काठपदर वापरायचा मोह होतो. परंतु जरीचे काठ जाड असतात आणि वळणावर फुगतात, म्हणून ते पाकळीत न घालता मधल्या चकतीसाठी किंवा क्विल्टच्या कडेसाठी राखून ठेवावेत.

नवे असो वा जुने, सर्व कापड आधी धुऊन घ्यावे. लाल, मरून आणि गडद निळे कापड ओले करून पांढऱ्या फडक्याखाली ठेवावे आणि वरून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उमटला, तर ते कापड या कामाला घेऊ नये. मी ही परीक्षा एकदा टाळली होती. एका लाल पाकळीने पहिल्याच धुण्यात शेजारच्या मांजरपाटावर गुलाबी ओघळ सोडला, आणि तो पूर्ण चौकोन मला उसवून पुन्हा करावा लागला.

पाकळीचे माप कसे काढायचे?

वीस पाकळ्या आणि ३६० अंश, म्हणून प्रत्येक पाकळीला १८ अंशांचा कोन येतो. जाड पुठ्ठ्यावर एका बिंदूतून १८ अंशांच्या दोन रेघा काढाव्यात. बिंदूपासून पावणेदोन इंचांवर पाकळीचे बूड येते आणि ७ इंचांवर कापायचे टोक येते. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी पाव इंच माया वाढवावी. टोकाची माया ७ इंचांत धरलेलीच आहे. टोकाचा बाक काढण्यासाठी ३ इंच व्यासाची वाटी पुठ्ठ्यावर ठेवून तिच्या कडेने रेघ ओढावी. असा साचा ५.२५ इंच लांब, बुडाशी एक इंचाहून किंचित रुंद आणि सर्वांत रुंद जागी सुमारे अडीच इंच भरतो.

यातून साडेतेरा इंच व्यासाची ताटली होते आणि ती १६ इंचांच्या चौकोनात बसते. चौकोन मात्र साडेसतरा इंचांचा कापावा, कारण टाके घालताना कापड थोडे आखडते. ॲप्लिक पूर्ण झाल्यावर तो मायेसह साडेसोळा इंचांवर छाटून घ्यावा. मधली चकती तयार होऊन ४ इंचांची असावी, म्हणजे ती साडेतीन इंचांच्या छिद्राची कड सगळीकडून पाव इंच झाकते.

पाकळ्या जोडल्यावर ताटली सपाट का बसत नाही?

बहुतेकजणी माया कमीजास्त झाल्याचा दोष काढतात, परंतु खरे कारण वेगळे असते. माया सगळ्या शिवणींत सारखीच थोडी जास्त गेली, तर पाकळ्यांचा कोन बदलत नाही; छिद्र आणि ताटली दोन्ही किंचित लहान होतात, पण ताटली सपाट बसते. बिघडते ते शिवण तिरकी गेल्यामुळे. टोकाकडे प्रत्येक पाकळीतून अर्धा मिलिमीटर कापड जास्त गेले, तर एका शिवणीमागे १ मिलिमीटर आणि वीस शिवणींत २० मिलिमीटर घेर कमी होतो, आणि ताटली वाटीसारखी खोलगट होते. हीच चूक बुडाकडे झाली, तर कडेला झालर आल्यासारखे कापड लाटा मारते.

म्हणून शिवण नेहमी एकाच दिशेने, बुडाकडून टोकाकडे मारावी, आणि मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावून तिला कापड टेकवत न्यावे. टोकाशी बाक सुरू होण्याच्या पाव इंच अलीकडे शिवण थांबवून दोन टाके मागे घ्यावेत. पुढे काठ वळवताना ही मोकळी जागा लागते. सगळ्या शिवणी एकाच बाजूला दाबून इस्त्री करावी. प्रत्येक पाच पाकळ्यांनंतर तुकडा कागदावर काढलेल्या काटकोनाशी ताडून पाहावा : पाच पाकळ्यांचे ९० अंश व्हायला हवेत. चूक तेथेच सापडते, आणि एक शिवण उसवणे वीस शिवणी उसवण्यापेक्षा केव्हाही बरे.

पेस्टिंग कोणते घ्यावे, आणि ते नेमके कसे लावायचे?

शिवणसाहित्याच्या दुकानात पेस्टिंग मागितले, की पुष्कळदा कॉलरचे जाड बकरम पुढे येते. ते नको आहे. एका बाजूने चिकट, न विणलेले, हातात धरले तर आरपार दिसेल इतके पातळ पेस्टिंग हवे. चिकट बाजू बोटाला किंचित खरखरीत लागते आणि उजेडात तिच्यावर बारीक ठिपके चमकतात.

साधारण १५ इंचांचा पेस्टिंगचा चौकोन टेबलावर चिकट बाजू वर करून पसरावा. त्यावर ताटली उलटी, म्हणजे तिची सुलट बाजू पेस्टिंगकडे करून ठेवावी आणि टाचण्यांनी धरावी. या टप्प्यावर इस्त्रीला हात लावू नये. मग ताटलीच्या बाहेरच्या कडेने, कापडाच्या काठापासून पाव इंच आत, टाका दीड ते दोन मिलिमीटरचा ठेवून टीप मारावी. बाकावर मशीन हळू चालवावी. दोन पाकळ्यांमधल्या खाचेत पोहोचल्यावर सुई खालीच ठेवून मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, उचलावा, कापड फिरवावे, एक आडवा टाका घालावा आणि पुढच्या पाकळीवर चढावे. तो एक आडवा टाका वाचवू नये. तो नसेल, तर खाच उलटताना कापड गोळा होते.

टीप पूर्ण झाल्यावर बाहेरचे कापड आणि पेस्टिंग ३ मिलिमीटर माया ठेवून छाटावे, आणि प्रत्येक खाचेत टिपेपासून एक-दोन धागे अंतर राखून टोकदार कात्रीने छेद द्यावा. आता पेस्टिंगच्या मधोमध मोठे छिद्र कापून त्यातून ताटली सुलटी करावी. आत बोट घालून प्रत्येक पाकळीचा बाक बाहेर ढकलावा आणि बोथट काडीने, चमच्याच्या दांड्याने किंवा नखाने शिवण नेमकी काठावर आणून बसवावी. पेस्टिंग पुढच्या बाजूने डोकावता कामा नये. ते दिसत असेल, तर शिवण अजून काठावर आलेली नाही.

या क्षणी पेस्टिंगची चिकट बाजू बाहेर, म्हणजे खाली आलेली असते. ताटली तशीच इस्त्रीच्या टेबलावर ठेवून इस्त्री फिरवली, तर ती टेबलाला चिकटते. म्हणून आधी मागच्या चौकोनाला चौघडी घालून मध्य आणि दोन कर्ण यांच्या घड्या पाडाव्यात, उभ्या-आडव्या घड्यांवर ताटलीच्या शिवणी आणि कर्णांवर पाकळ्यांचे मध्य जुळवावेत आणि मगच, मध्यम गरम इस्त्री न घासता, एकेका जागी आठ-दहा सेकंद दाबून धरावी.

पेस्टिंगमुळे क्विल्ट ताठ होत नाही का?

सगळे पेस्टिंग आत राहू दिले, तर नक्कीच होते. ताटली सुलटी केल्यानंतर आणि इस्त्री करण्यापूर्वी, आतून पेस्टिंग कापत कापत काठालगत अर्ध्या इंचाची पट्टीच उरू द्यावी. ही दहा मिनिटे कोणी वाया गेली असे समजू नये. मधला सगळा भाग मोकळा आणि मऊ राहतो, आणि पुढे त्यातून हाताची सुई सहज जाते.

टाका कोणता निवडावा?

तीन पर्याय आहेत आणि तिन्हींचे रूप वेगळे येते. पहिला पर्याय सरळ टिपेचा, ज्याबद्दल वर सांगितले आहे. दुसरा पर्याय बारीक झिगझॅगचा : रुंदी १ ते १.५ आणि लांबी तेवढीच ठेवून, कापडाच्या रंगाचा बारीक दोरा घातला, तर टाका हातभर अंतरावरून दिसत नाही. पाकळ्या वीस रंगांच्या असतील, तर फिका राखाडी किंवा बदामी दोरा जवळजवळ सगळ्यांवर मिसळतो.

तिसरा काजटाका. माझा कौल याला आहे, कारण १९३० च्या दशकातील हाताच्या कामाशी त्याचे थेट नाते आहे आणि या नक्षीवर काळा दोरा कधीच उपरा वाटत नाही. रुंदी आणि लांबी दोन्ही अडीच मिलिमीटर ठेवावी. सरळ टाके पाकळीच्या अगदी लगत, पण मागच्या कापडात पडावेत आणि आडवा टाका तेवढा पाकळीत शिरावा. सुई ११ नंबरची घ्यावी. १६ नंबरची सुई पेस्टिंगमध्ये दिसतील अशी भोके पाडते. वरच्या दोऱ्याचा ताण एका आकड्याने कमी करावा, म्हणजे बॉबिनचा दोरा वर येत नाही. चौकोनाखाली साधा ट्रेसिंग पेपर ठेवला, तर कापड चुणत नाही आणि काम झाल्यावर तो फाडून काढता येतो. वर्तमानपत्र ठेवू नये, त्याची शाई मांजरपाटाला लागते.

बाकावर आणि खाचांत टाके वाकडे जातात. काय चुकते?

कापड फिरवताना सुई कोठे रुतलेली आहे, यावर सारे अवलंबून असते. बाहेरच्या बाकावर फिरायचे असेल, तेव्हा सुई पाकळीच्या बाहेर, मागच्या कापडात असावी. खाचेत फिरायचे असेल, तेव्हा ती आत, पाकळीत असावी. उलट केले, तर टाक्यांमध्ये त्रिकोणी फट पडते. बाकावर दर तीन-चार टाक्यांनी थांबून कापड थोडेथोडे फिरवावे. एकदम फिरवले, की गोल पाकळी अष्टकोनी दिसू लागते.

खाचेतला टाका जवळून पाहण्यासारखा असतो. काजटाक्याचा एक आडवा टाका दोन पाकळ्यांच्या शिवणीवर तंतोतंत पडला, तर खाच मिटल्यासारखी, घट्ट आणि पूर्ण दिसते. तो शिवणीच्या एखादा मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे पडला, तर शेजारच्या सगळ्या टाक्यांवरून नजर घसरून तेथेच अडकते. म्हणून खाच तीन टाक्यांवर आली, की पेडलवरून पाय उचलून हाताने चाक फिरवावे, आणि गरज पडल्यास एक टाका किंचित आखूड करून आडवा टाका शिवणीवर आणावा. एका ताटलीत असे वीस टाके असतात. घाई करायची असेल, तर बाकीच्या ठिकाणी करावी.

मधल्या चकतीलाही हीच पद्धत चालते का?

होय, आणि नवशिक्यांनी सुरुवात तिथूनच करावी. साडेचार इंचांची चकती कापून, तशीच पेस्टिंगवर शिवून, छेद देऊन उलटावी. चकतीला खाचा नसल्याने हात लवकर बसतो.

भरण आणि अस्तर घालून शिवताना काही वेगळे करावे लागते का?

ताटलीखालचे मांजरपाट मागून कापून काढता येते. टाक्यांपासून पाव इंच आत धरून कापले, तर एक थर कमी होतो. हाताने धावदोरा घालणार असाल, तर ते अवश्य करावे. मशीनने शिवणार असाल, तर तसेच ठेवले तरी बिघडत नाही. भरण म्हणून आपल्याकडे जुन्या साड्यांचे थर घालतात, आणि ते या क्विल्टला उत्तम शोभतात, परंतु दोनपेक्षा अधिक थर झाले, की घरगुती मशीनच्या फुटाखाली ते सरकतात आणि मागे चुण्या पडतात. अशा वेळी कच्चे टाके हाताच्या वितीएवढ्या अंतरावर घालून घ्यावेत. प्रत्येक पाकळीच्या आत, काठापासून पाव इंचावर धावदोरा घातला, तर पाकळी मधून किंचित फुगते. ॲप्लिक मशीनचे आणि धावदोरा हाताचा, ही जोडी मला सर्वांत आवडते.

पूर्ण क्विल्टला किती ताटल्या लागतात?

डबल बेडसाठी पाच बाय सहा, म्हणजे तीस चौकोन पुरतात. कड न धरता ८० बाय ९६ इंच होतात आणि पाकळ्या भरतात ६००. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी चार ताटल्यांचे दुपटे करावे. मला पहिल्या ताटलीला तीन दुपारी लागल्या होत्या. आठवी एका दुपारी झाली.

धुवायचे कसे?

थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता. सावलीत आडवे पसरून वाळवावे आणि इस्त्री उलट्या बाजूने करावी.

जुन्या, हाताने शिवलेल्या क्विल्टची फाटलेली पाकळी या पद्धतीने दुरुस्त करावी का?

नाही. ऐंशी-नव्वद वर्षांच्या सुती कापडाला मशीनच्या फुटाचा दाब आणि पेस्टिंगचा चिकटा, दोन्ही सोसत नाहीत, आणि एकदा चिकटलेले पेस्टिंग मूळ कापडाला इजा न करता निघत नाही. फाटलेली पाकळी काढून टाकू नये. त्याच छटेच्या, धुऊन मऊ केलेल्या सुती कापडाची नवी पाकळी कापून, तिचा काठ बोटाने दुमडत, बारीक सुईने आणि सैल हाताने जुन्या पाकळीवर शिवावी. सुई शक्यतो जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच न्यावी. नवी पाकळी कधी उसवली, तर खाली जुनी तिच्या जागी असते.